निबंध पाठवा, शुल्क भरा, संपादकही व्हा

पत्राची सुरुवात बहुधा स्तुतीने होते. आपल्या व्यासंगाची कीर्ती आमच्यापर्यंत पोचली आहे, आपला मागचा निबंध आम्ही आवडीने वाचला, येत्या अंकात एकाच निबंधाची जागा उरली आहे, तेव्हा आठवडाभरात काही पाठवता आले तर उपकार होतील. खाली जर्नलचे भारदस्त नाव असते आणि त्यात ‘इंटरनॅशनल’, ‘मल्टिडिसिप्लिनरी’, ‘रिसर्च’ यांपैकी दोन शब्द तरी हमखास सापडतात. निबंध तयार नसेल तर संपादक मंडळावर या, असेही आमंत्रण मिळते. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याला ते व्यवस्थापनशास्त्राच्या जर्नलकडून येते, मराठी शिकवणाऱ्याला दंतवैद्यकाच्या जर्नलकडून. पूर्वी ही पत्रे ईमेलने येत. आता प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येतात, शुल्काच्या आकड्यासह आणि चोवीस तासांत स्वीकृतीच्या हमीसह.

पुष्कळ जण हे पत्र न वाचताच काढून टाकतात. पण ज्याची बढती अडली आहे, किंवा ज्याचा पीएच.डी.चा प्रबंध एका छापील निबंधावाचून थांबला आहे, तो ते दोनदा वाचतो. वर्धा जिल्ह्यात असे वाचक थोडेथोडके नाहीत. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, सावंगीला अभिमत विद्यापीठ आहे, शहराला लागून टेकड्यांवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. मगनवाडीत ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. शिवाय वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथली नागपूर विद्यापीठाला जोडलेली महाविद्यालये. एका लहान जिल्ह्याच्या मानाने इथे संशोधनाची अपेक्षा असलेली माणसे बरीच आहेत, आणि शोधनिबंधांचा बाजार अशाच माणसांकडे पाहून मांडलेला असतो.

खरे जर्नल काय करते, हे समजून घ्यायलाही वर्ध्याबाहेर जायची गरज नाही. सेवाग्रामच्या रुग्णालयातल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयाच्या सुप्त संसर्गासाठी तपासणी झाली. त्यांत परिचारिका होत्या, शिकाऊ डॉक्टर होते, इतर कर्मचारीही होते. प्रत्येकाची दोन प्रकारे तपासणी झाली: हातावर टोचून केली जाणारी जुनी त्वचाचाचणी आणि त्या काळी नवी असलेली महागडी रक्तचाचणी. निम्म्या जणांमध्ये दोहोंपैकी किमान एक चाचणी पॉझिटिव्ह आली. दोन्ही चाचण्यांचे निकाल सुमारे ८१ टक्के जणांत जुळले. म्हणजे क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्यासारख्या भागात जुनी स्वस्त चाचणी टाकाऊ ठरत नाही, असा त्याचा अर्थ निघाला. डॉ. मधुकर पै, डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध जून २००५मध्ये ‘जामा’ या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. ते जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एक आहे.

अशा नियतकालिकाकडे निबंध गेला की संपादक तो आधी स्वतः वाचतो आणि बहुतेक निबंध तिथूनच परत जातात. जे टिकतात ते त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातात. त्यांना या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत. नमुना एवढाच का घेतला, संख्याशास्त्राची ही पद्धत का वापरली, हा निष्कर्ष या आकड्यांतून निघतो का, असे प्रश्न ते लेखी विचारतात. लेखक उत्तरे देतो, निबंध दुरुस्त करतो, कधी नवे प्रयोग करतो. यात महिने जातात, वर्षही जाते, आणि शेवटी नकारही मिळू शकतो. या तपासणीला समीक्षण म्हणतात. ती निर्दोष नाही. तिच्यातूनही चुकीचे निबंध निसटतात. तरीही एखाद्या गावातल्या डॉक्टरचे म्हणणे दुसऱ्या खंडातल्या डॉक्टरने कशाच्या भरवशावर मानावे, या प्रश्नाला आजवर याहून चांगले उत्तर सापडलेले नाही.

बनावट जर्नल नेमकी हीच पायरी गाळते आणि बाकी सगळा देखावा तसाच ठेवते.

या धंद्याला जागा मिळाली ती एका चांगल्या सुधारणेमुळे. पूर्वी जर्नलचा खर्च वर्गणीतून निघे आणि ती वर्गणी एवढी वाढली की गरीब देशांतल्या ग्रंथालयांना ती झेपेना. म्हणून वाचकाला सर्व काही मोफत मिळावे आणि खर्च लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घ्यावा, अशी मुक्त प्रकाशनाची चळवळ सुरू झाली. कल्पना न्याय्य होती. मात्र लेखकाने पैसे भरायचे म्हटल्यावर, जितके निबंध स्वीकारावेत तितकी कमाई, हे गणित काही जणांच्या चटकन लक्षात आले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१०च्या सुमारास अशा प्रकाशकांना ‘प्रिडेटरी’ म्हणजे भक्षक असे नाव दिले आणि त्यांची यादी ठेवायला घेतली. जानेवारी २०१७मध्ये ती यादी त्यांनी एकाएकी बंद केली, तोवर त्यात हजारावर प्रकाशक जमले होते.

फिनलंडमधल्या दोन अभ्यासकांनी २०१५मध्ये या बाजाराचा आकार मोजण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या अंदाजाने अशा जर्नलांत २०१०मध्ये ५३ हजार निबंध आले होते आणि २०१४मध्ये तब्बल ४ लाख २० हजार. सरासरी शुल्क १७८ डॉलर होते. यातले सुमारे एकतृतीयांश लेखक भारतातले होते, आणि प्रकाशकांतही भारताचा वाटा इतर कोणत्याही देशापेक्षा मोठा होता. हे वाचून प्रत्येक भारतीय शिक्षकाला वाईट वाटावे, आणि त्याहून जास्त, असे का झाले हा प्रश्न पडावा.

याचे उत्तर सापडते नियमांच्या पुस्तकात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमावलीत ‘एपीआय’ म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुणांक आणले. समीक्षण होणाऱ्या जर्नलमधल्या निबंधाला १५ गुण आणि समीक्षण नसले तरी आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १० गुण. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर एक ते दोनच्या दरम्यान असेल तर आणखी १० गुण. त्याआधी २००९च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापून आणणे सक्तीचे केले होते. हेतू वाईट नव्हता. शिक्षकाने वर्गाबरोबर संशोधनही करावे, एवढीच अपेक्षा होती. पण दिवसाला चार-पाच तास घेणाऱ्या, प्रयोगशाळेत साधी रसायने नसलेल्या, ग्रंथालयात एकही चांगले जर्नल येत नसलेल्या महाविद्यालयातल्या शिक्षकाकडून तोच आकडा मागितला गेला, जो राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाकडून मागितला जातो. निबंध वाचायचा कोणी नव्हता, मोजायचा मात्र होता. जिथे मागणी अशी ठरवून निर्माण होते तिथे पुरवठादार उगवतात, आणि ते उगवले.

आयएसएसएन हा फक्त नोंदणी क्रमांक आहे, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते. तो नियतकालिकाची ओळख पटावी म्हणून दिला जातो. त्याचा दर्जाशी काडीचाही संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टरचेही तसेच. जर्नलमधले निबंध पुढे इतरांनी सरासरी किती वेळा उद्धृत केले याचा तो आकडा असून दरवर्षी एका ठराविक संस्थेकडून तो प्रसिद्ध होतो. गुण मिळतात म्हटल्यावर पैसे घेऊन मनाला येईल तो ‘फॅक्टर’ देणाऱ्या संस्थाच निघाल्या. शेवटी २०१८च्या नियमांत, हा आकडा थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणेच धरावा, असे आयोगाला लिहावे लागले.

आयोगाने मान्य जर्नलांची यादी जानेवारी २०१७मध्ये जाहीर केली. तीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावे होती. ती तपासण्याचे काम महाराष्ट्रातून झाले, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संबंधित डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ जर्नलांमधून १,३३६ जर्नले चिठ्ठी टाकावी तशी निवडली. नामवंत सूचींत आधीच असलेली त्यातून वगळली आणि उरलेली १,००९ एकेक करून पाहिली. सुमारे ३४.५ टक्के जर्नलांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिलेली होती: चुकीचा आयएसएसएन, बनावट इम्पॅक्ट फॅक्टर, संशयास्पद सूचींचे दाखले. एकूण ८८ टक्क्यांहून अधिक जर्नले निकृष्ट ठरण्याजोगी होती. हा निबंध मार्च २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नले यादीतून काढली. ती यादीत घातली होती विद्यापीठांनीच, म्हणजे ज्यांनी राखण करायची त्यांनीच.

त्याच जुलैमध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ने या धंद्याची शोधकथा छापली. देशात असे तीनशेवर प्रकाशक असून ते एका निबंधासाठी ३० ते १,८०० डॉलर घेतात, असे तिच्यात दिसून आले. हैदराबाद हे त्याचे मोठे केंद्र. तिथल्याच ‘ओमिक्स’ या प्रकाशन समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६मध्ये खटला भरला होता. समीक्षणाचे खोटे दावे, शुल्क आधी न सांगणे, नामवंत संशोधकांची नावे संमतीशिवाय संपादक किंवा परिषदेचे वक्ते म्हणून वापरणे, असे आरोप होते. निबंध परत मागितला तरी तो देत नसत, हाही त्यातलाच आरोप होता. मार्च २०१९मध्ये न्यायालयाने समूहाला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

निबंध अडकवून ठेवण्याची ही रीत तरुण संशोधकांना फार महाग पडते. फसवणूक लक्षात आल्यावर निबंध मागे घ्यायला गेले की माघारीचे शुल्क मागितले जाते. तोच निबंध दुसरीकडे द्यावा तर आधी छापलेला म्हणून तिथे घेत नाहीत. तीन-चार वर्षे गोळा केलेली माहिती कुठल्यातरी संकेतस्थळावर पडून राहते आणि पुढे ते संकेतस्थळही बंद पडते. शुल्काचे दोन-तीन हजार रुपये हा त्यातला सर्वांत लहान तोटा असतो.

संपादकपदाच्या आमंत्रणांचे काय, हे पोलंडमधल्या काही संशोधकांनी तपासले. डॉ. पिओत्र सोरोकोव्स्की यांच्या गटाने ॲना ओ. शुस्ट नावाची एक प्राध्यापिका कल्पनेतून उभी केली. तिच्या नावावर खोट्या पदव्या दाखवल्या, पण शोधनिबंध एकही दाखवला नाही. संपादक होण्याची इच्छा तिने ३६० जर्नलांना कळवली. नामवंत सूचीतल्या १२० जर्नलांपैकी एकानेही तिला घेतले नाही. बील यांच्या यादीतल्या १२०पैकी ४० जर्नलांनी घेतले आणि काहींनी तर थेट मुख्य संपादक केले. मुक्त प्रकाशनाच्या मान्य सूचीतल्याही आठ जर्नलांनी होकार दिला, हे विसरून चालणार नाही. हा अहवाल २०१७मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातले सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक माइक डॉब यांनी आपल्या पाळीव कुत्रीला डॉ. ऑलिव्हिया डॉल या नावाने सात जर्नलांच्या संपादक मंडळांवर बसवून दाखवले.

अशी पदे फुकट मिळतात, मग त्यात कोणाचे काय जाते, असे काही जण विचारतात. जाते ते नाव. वर्ध्याच्या एखाद्या प्रामाणिक प्राध्यापकाचे नाव, छायाचित्र आणि महाविद्यालयाचा पत्ता त्या संकेतस्थळावर दिसला की तेवढ्या भरवशावर पुढचे वीस विद्यार्थी तिथे पैसे भरतात. संपादक मंडळ ही त्या दुकानाची पाटी असते आणि ती पाटी भल्या माणसांच्या नावांनी लिहिलेली असते.

स्वीकृतीची परीक्षा त्याआधीच झाली होती. ‘सायन्स’ नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी २०१३मध्ये दगडफुलातल्या रसायनाने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा एक बनावट निबंध लिहिला. त्यातल्या चुका पदवीच्या विद्यार्थ्यालाही दिसाव्यात अशा मुद्दाम ठेवल्या होत्या. तो ३०४ जर्नलांकडे गेला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला, ९८ जर्नलांनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत मोठ्या नावाजलेल्या प्रकाशकांची जर्नलेही होती.

सामाजिक शास्त्रातला एक फसवा निबंध वाया जातो तेव्हा ज्ञानाचे नुकसान होते. वैद्यकशास्त्रात मात्र थेट माणसे गुंततात. कॅनडातले डेव्हिड मोहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये अशा जर्नलांतले १,९०७ जैववैद्यकीय निबंध वाचून काढले. त्यांत वीस लाखांहून अधिक माणसांची आणि आठ हजारांवर प्राण्यांची माहिती वापरली गेली होती. संपर्क लेखकांपैकी २७ टक्के भारतातले होते आणि १५ टक्के अमेरिकेतले. म्हणजे हा केवळ गरीब देशांचा रोग नव्हे. ज्या रुग्णांनी रक्त दिले, संमतिपत्रावर सही किंवा अंगठा केला, त्यांना वाटले असणार की यातून पुढच्या रुग्णाचे भले होईल. तो निबंध कोणत्याही गंभीर डॉक्टरच्या वाचनात येणार नसेल, तर त्या माणसांचा विश्वास वाया गेला असेच म्हणावे लागते. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुःखद बाब हीच आहे.

वैद्यकीय शिक्षकांच्या बाबतीतही चूक नियमातूनच आली. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५मध्ये बढतीसाठी मूळ संशोधनाचे निबंध मागितले, पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय देऊ केले, केवळ ऑनलाइन निघणारी जर्नले बाद ठरवली, आणि मान्य सूचींत दर्जाबद्दल शंका असलेल्या सूचीलाही जागा दिली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखी आक्षेप घेतले. नियम सुधारायला २०२० उजाडले.

इकडे आयोगाने पुणे विद्यापीठाच्या मदतीने ‘केअर’ ही नवी यादी २०१९मध्ये उभी केली आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. भामट्यांनी त्यावरही उपाय शोधला. यादीतल्या जुन्या, प्रतिष्ठित, छापील नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक घ्यायचा, त्याच नावाचे संकेतस्थळ उघडायचे आणि शुल्क गोळा करायचे. ऑस्ट्रियातल्या ‘वुल्फेनिया’ या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकाचे असे अपहरण २०१२च्या सुमारास गाजले होते; भारतात ते एवढे वाढले की केअरला मूळ आणि नकली जर्नलांची जोडयादीच प्रसिद्ध करावी लागली. नोव्हेंबर २०२२मध्ये पीएच.डी.साठी निबंधाची सक्ती उठली. ऑक्टोबर २०२४च्या बैठकीत आयोगाने केअर यादी बंद करण्याचा निर्णय घेतला, तो फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर झाला. जर्नल कसे पारखावे याचे काही निकष सुचवले गेले आणि निवडीची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली गेली. याच विद्यापीठांनी २०१७च्या यादीत काय भरले होते ते पाहता, हा भरवसा वेळेआधी टाकला असे वाटते.

मराठीतल्या संशोधनाला याची झळ वेगळ्या रीतीने बसते. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे ‘संशोधक’ यांसारखी नियतकालिके अनेक वर्षे मोजक्या वर्गणीदारांच्या आणि संपादकांच्या श्रमावर चालत आली. परदेशी सूचींत मराठीला जागा जवळपास नाही. म्हणून सूचीत नाही ते बनावट, असा सरसकट निवाडा केला तर इतिहास, लोकसाहित्य आणि भाषेवरचे खरे काम मारले जाईल. गरीब नियतकालिक आणि खोटे नियतकालिक यांतला फरक यंत्राला कळत नाही. त्यासाठी अंक हातात घेऊन वाचणारा माणूस लागतो. शुल्कावरूनही निवाडा करू नये. नामवंत मुक्त जर्नले भरपूर शुल्क घेतात, आणि ‘करंट सायन्स’ किंवा मुंबईहून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ लेखकाकडून काहीच घेत नाहीत.

पारख करायला फार विद्वत्ता लागत नाही. जर्नलचे मागचे तीन-चार निबंध उघडून वाचावेत. भाषा आणि आकडे स्वतःच सगळे सांगतात. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर विचारावे की आपण खरोखर या मंडळावर आहात का. आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर क्रमांक टाकून नाव आणि प्रकाशक जुळतो का ते पाहावे. मुक्त जर्नल असेल तर डीओएजे या सूचीत शोधावे, मात्र जर्नलच्या दाव्यावर न जाता सूचीच्या संकेतस्थळावर जाऊन. एकाच अंकात कृषी, काव्यशास्त्र आणि कर्करोग शेजारी शेजारी असतील, किंवा आठवड्याच्या आत समीक्षण पुरे होत असेल, तर तिथे समीक्षण होत नाही हे नक्की समजावे.

मार्गदर्शकांवर यातली मोठी जबाबदारी आहे. विद्यार्थ्याचे पैसे भरून झाल्यावर निबंधावर आपले नाव लागले की गप्प बसणारे मार्गदर्शक या बाजाराचे भागीदारच ठरतात. बढतीच्या मुलाखतीत निबंधांची संख्या न विचारता, तुमचा एक सर्वांत चांगला निबंध द्या, आम्ही तो वाचतो, असे म्हणणारी एक समिती जरी प्रत्येक विद्यापीठात बसली तरी निम्म्या आमंत्रणांना गिऱ्हाईक उरणार नाही. तोवर स्तुतीने सुरू होणारे पत्र ज्यांना येईल त्यांनी ते आधी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना दाखवावे, विषयातल्या एखाद्या जाणत्या ज्येष्ठाला विचारावे, आणि दोघांची उत्तरे येईपर्यंत एक रुपयाही भरू नये.